लाटांच्या बलाचे संगणकीय प्रतिमान : खांबापासून लाटरोधक भिंतीपर्यंत

किनाऱ्यावरच्या किंवा भर समुद्रातल्या बांधकामावर लाटा किती बल लावतील हे संगणकावर काढायचे ठरले, की पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअर कोणते हा विचारला जातो. वास्तविक त्याचे उत्तर लाटेची उंची, तिचा आवर्तनकाळ (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ), पाण्याची खोली आणि बांधकामाची रुंदी या चार आकड्यांतच दडलेले असते. हे आकडे कागदावर मांडून थोडा हिशेब केला, की कोणते गणित लागू पडते हे कळते आणि उत्तर साधारण किती यावे याचाही अंदाज बांधता येतो. हा अंदाज हाताशी नसेल, तर संगणकाने दिलेला आकडा बरोबर आहे की दहापट चुकला आहे हे ओळखण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. म्हणून पुढची मांडणी कागदापासून सुरू होते आणि सर्वांत महाग गणनेकडे सर्वांत शेवटी जाते.

आधी लाट ठरवावी

बलाच्या गणनेतली सर्वांत मोठी अनिश्चितता बहुतेक वेळा बलाच्या सूत्रात नसते, ती लाटेच्या आकड्यात असते. कर्षण बल, म्हणजे वाहत्या पाण्याची ओढ, वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने लाटेची उंची दहा टक्क्यांनी चुकली, तर ते बल सुमारे एकवीस टक्क्यांनी चुकते. लाटांची दीर्घकालीन माहिती तरंगत्या मापकांतून मिळते किंवा ईआरए५ सारख्या पुनर्विश्लेषणातून (जुन्या नोंदी आणि हवामान प्रतिमान जोडून तयार केलेल्या माहितीसंचातून) घेता येते. ईआरए५ मध्ये १९४० पासूनची ताशी माहिती आहे, पण चक्रीवादळाच्या गाभ्यातले वारे त्यात बोथट होतात. ज्या किनाऱ्यावर वादळांचे राज्य आहे, तिथे वादळांचे स्वतंत्र प्रतिमान करावे लागते.

या माहितीतून ठरावीक मर्यादेवरची वादळे वेगळी काढून त्यांना सांख्यिकी वक्र बसवला, की शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणारी लाट मिळते. ‘शंभर वर्षांची लाट’ हे शब्द ऐकून अनेकांना उगाच निश्चिंत वाटते. बांधकामाचे आयुष्य ५० वर्षे धरले, तर त्या काळात ही लाट किमान एकदा येण्याची शक्यता ३९.५ टक्के आहे. ०.९९ चा पन्नासावा घात काढून तो एकातून वजा केला, की हा आकडा कुणालाही पडताळता येतो.

सार्थ उंची, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, आणि त्या वादळातली सर्वांत उंच लाट यांत गल्लत होऊ देऊ नये. खोल पाण्यात हजार लाटांच्या वादळात सर्वांत उंच लाट सार्थ उंचीच्या सुमारे १.८६ पट असते. कधी ती याहूनही मोठी निघते. उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर फलाटावर १ जानेवारी १९९५ रोजी सार्थ उंची साधारण १२ मीटर असताना २५.६ मीटर उंचीची लाट नोंदली गेली. उथळ पाण्यात मात्र खोलीच लाटेला आवर घालते आणि उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पटीपर्यंत पोहोचली की लाट फुटते. त्यामुळे भरती, वादळी उधाण आणि समुद्रपातळीतली अपेक्षित वाढ हे सगळे आधी खोलीत मिळवावे. उथळ जागी एक मीटर उधाण म्हणजे जवळजवळ पाऊण मीटर जास्त उंचीची लाट.

खोल समुद्रातली लाट बांधकामापर्यंत आणण्यासाठी डेल्फ्टचे स्वॅन हे सॉफ्टवेअर किंवा त्याच धर्तीचे वर्णपटीय प्रतिमान (लाटांची ऊर्जा वेगवेगळ्या आवर्तनकाळांत आणि दिशांत वाटून मांडणारे) वापरले जाते. तळाच्या उतारामुळे लाटांचे वळणे, वाऱ्याने वाढणे आणि फुटून ऊर्जा गमावणे हे सगळे त्यात असते. पण असे प्रतिमान लाटांची सरासरी ऊर्जा देते. एकेका लाटेचे शिखर केव्हा आणि कुठे असेल हे त्याला ठाऊक नसते, म्हणून बल त्यातून निघत नाही. त्याच्या उत्तरातून सार्थ उंची, शिखर आवर्तनकाळ (सर्वाधिक ऊर्जा असलेला आवर्तनकाळ) आणि दिशा घ्यावी आणि पुढच्या प्रतिमानाला द्यावी. आवर्तनकाळाचा एकच आकडा कधीही धरू नये. त्याच उंचीसाठी कमी, मधला आणि जास्त असे निदान तीन आवर्तनकाळ तपासावेत, कारण खांबासाठी आणि रुंद भिंतीसाठी घातक ठरणारा आवर्तनकाळ वेगवेगळा असू शकतो.

कोणते गणित लागू पडते

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. २० मीटर खोल पाण्यात १.२ मीटर व्यासाचा उभा पोलादी खांब आहे आणि लाटेची उंची ६ मीटर व आवर्तनकाळ १० सेकंद आहे. खोल पाण्यातली तरंगलांबी आवर्तनकाळाच्या वर्गाच्या १.५६ पट, म्हणजे १५६ मीटर असते. २० मीटर खोलीत रेषीय सिद्धांताचे (लाटेचा आकार साधा, सममित मानणाऱ्या) समीकरण सोडवले, की ती १२१ मीटरवर येते. हे समीकरण थेट सुटत नाही, पण स्प्रेडशीटमध्ये चार-पाच पुनरावृत्तींत उत्तर स्थिरावते.

व्यास भागिले तरंगलांबी हे गुणोत्तर इथे सुमारे ०.०१ आहे. ते ०.२ पेक्षा कमी असेल, तर बांधकाम लाटेला फारसे विचलित करत नाही आणि मॉरिसन समीकरण (खांबावरच्या बलाचे सोपे सूत्र, पुढे दिले आहे) चालते. ते ०.२ च्या वर गेले, तर बांधकामावरून परतणाऱ्या आणि त्याला वळसा घालणाऱ्या लाटा हिशेबात घ्याव्या लागतात, म्हणजे विवर्तनाचे गणित करावे लागते.

दुसरा अंक केउलेगन आणि कार्पेंटर यांच्या नावाचा आहे : पाण्याच्या कणांचा कमाल वेग गुणिले आवर्तनकाळ, भागिले व्यास. आपल्या लाटेचा स्थिर पातळीवरचा (लाटा नसतानाच्या पाण्याच्या पातळीवरचा) कमाल आडवा वेग २.४३ मीटर प्रतिसेकंद येतो, म्हणून हा अंक साधारण २० आहे. पाच-सहाच्या खाली जडत्व बलाचे (पाण्याच्या त्वरणामुळे येणाऱ्या बलाचे) वर्चस्व असते, तर विसाच्या आसपास कर्षण आणि जडत्व या दोहोंना महत्त्व येते आणि खांबामागे भोवरे सुटतात. रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याची चिकटता) सुमारे ३० लाख आहे. प्रयोगशाळेतल्या छोट्या नमुन्यावर मोजलेले कर्षण गुणांक इतक्या मोठ्या अंकाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे आताच लिहून ठेवावे.

तिसरी तपासणी लाटेच्या तीव्रतेची. या तरंगलांबीला आणि खोलीला फुटण्याची मर्यादा १३ मीटरच्या पुढे आहे. आपली लाट फुटणार नाही, पण ६ मीटर उंचीला रेषीय सिद्धांत अपुरा पडतो, कारण प्रत्यक्षात शिखर टोकदार आणि उंच होते व द्रोणी पसरट होते. अंतिम गणनेसाठी स्टोक्सचा पाचव्या क्रमाचा सिद्धांत किंवा प्रवाहफलन सिद्धांत घ्यावा. हाताच्या हिशेबाला रेषीय सिद्धांत पुरतो.

मॉरिसन समीकरणाचा हिशेब

मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडलेल्या या समीकरणात दोन पदे आहेत. जडत्वाचे पद पाण्याच्या त्वरणावर आणि व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, तर कर्षणाचे पद वेगाच्या वर्गावर आणि व्यासावर. समुद्रातल्या फलाटांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत गुळगुळीत खांबाला कर्षण गुणांक ०.६५ व जडत्व गुणांक १.६, तर खरखरीत खांबाला अनुक्रमे १.०५ व १.२ दिले आहेत. पाण्यात काही वर्षे काढलेला खांब शिंपले आणि शेवाळाने खरखरीत होतोच, म्हणून खरखरीत खांबाचे गुणांक घेऊ.

तळापासून स्थिर पातळीपर्यंत बेरीज केली, की कमाल कर्षण बल ४३.६ किलोन्यूटन आणि कमाल जडत्व बल ३१.८ किलोन्यूटन येते. या दोहोंची सरळ बेरीज करणे चूक आहे. वेग शिखराखाली सर्वाधिक असतो, त्वरण मात्र लाट मधल्या पातळीतून वर चढताना सर्वाधिक असते. दोन्ही पदे कलेसह, म्हणजे वेळेतला हा फरक धरून, जोडली, की कमाल एकूण बल ४९.४ किलोन्यूटन येते आणि तेही शिखर खांबापाशी पोहोचण्याच्या सुमारे ०.६ सेकंद आधी. संगणकीय प्रतिमानाने कमाल बल बरोबर शिखराच्या क्षणी किंवा त्याच्यानंतर दाखवले, तर चिन्हात किंवा वेळेच्या संदर्भात कुठेतरी गोंधळ आहे असे समजावे.

इथे एक सापळा दडला आहे. बेरीज स्थिर पातळीवर थांबवली, तर वेग सर्वांत जास्त असलेला शिखराचा वरचा ३ मीटरचा भाग गळतो. व्हीलरच्या पद्धतीने वेगाचा उभा आलेख शिखरापर्यंत ताणला, तर शिखराखालचे कर्षण बल १५ टक्क्यांनी वाढते. स्थिर पातळीवरचा वेग तसाच वर शिखरापर्यंत धरला, तर वाढ २६ टक्के होते. उलथवणाऱ्या मोमेंटमध्ये फरक याहून जास्त पडतो, कारण वाढलेले बल सर्वांत लांब भुजेवर लागते. कोणती पद्धत वापरली हे अहवालात न लिहिणारे बरेच आढळतात आणि मग दोन गटांची उत्तरे का जुळत नाहीत यावर बैठका होत राहतात.

सागरी वाढीचा परिणाम गुणांकापुरता नसतो. चोहोबाजूंनी १० सेंटिमीटरचा थर चढला, तर व्यास १.४ मीटर होतो. कर्षण बल त्या प्रमाणात सतरा टक्क्यांनी आणि जडत्व बल छत्तीस टक्क्यांनी वाढते. समुद्रप्रवाह असेल, तर त्याचा वेग लाटेच्या वेगात आधी मिळवावा आणि मगच वर्ग करावा. दोन्ही बले वेगळी काढून बेरजेला बसल्यास उत्तर धोकादायकरीत्या कमी येते.

अनियमित समुद्रासाठी जॉनस्वॅप वर्णपट (कोणत्या आवर्तनकाळात किती ऊर्जा आहे याचा प्रचलित आलेख) घेऊन त्यातून यादृच्छिक कलांच्या लाटांची मालिका तयार करावी. वर्णपटाचा टोकदारपणा ठरवणारा घटक स्थानिक माहिती नसल्यास ३.३ धरतात. तीन तासांचे एक वादळ म्हणजे एकच नमुना असतो. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका सुरू करणाऱ्या आकड्यांनी) अनेक मालिका चालवून कमाल बलांचे वितरण पाहावे. मॉरिसन समीकरण इतके स्वस्त आहे, की इथे कंजूषपणा करण्याचे कारण नाही.

रुंद बांधकाम असेल तर

मोठ्या व्यासाचे एकखांबी पाये, काँक्रीटचे फलाट आणि तरंगती बांधकामे यांसाठी विवर्तनाचे गणित पृष्ठभागावर छोटी पॅनेल आखून सोडवतात. वॅमिट हे यातले जुने व्यावसायिक सॉफ्टवेअर आहे. नेमो २०१४ पासून मुक्त स्रोत म्हणून मिळते आणि कॅपिटेन पायथनमध्ये चालते. सुरुवात कायम उभ्या दंडगोलापासून करावी, कारण मॅककेमी आणि फुक्स यांनी १९५४ मध्ये त्याचे अचूक उत्तर दिलेले आहे. ते जुळल्याशिवाय स्वतःची भूमिती आत टाकू नये. सर्वांत लहान तरंगलांबीत निदान आठ पॅनेल बसली पाहिजेत. पाणी छेदून वर आलेल्या बांधकामात काही वारंवारतांवर उत्तर एकाएकी उसळी घेते. तो गणिती दोष असतो, खरा अनुनाद नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये तो काढून टाकण्याचा पर्याय असल्यास सुरू ठेवावा. या पद्धतीत पाण्याची चिकटता नसते, म्हणून बारीक जोडखांब असतील तर त्यांचे कर्षण मॉरिसन समीकरणाने वेगळे जोडावे लागते.

द्रवगतिकीची पूर्ण गणना कधी आणि कशी

लाट बांधकामावर फुटत असेल, पाणी डेकच्या (पुलाच्या किंवा फलाटाच्या वरच्या सपाट भागाच्या) खालच्या बाजूवर आदळत असेल, खांब एकमेकांच्या सावलीत असतील किंवा सच्छिद्र दगडी थरांतून पाणी जात असेल, तेव्हा नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे (द्रवाच्या हालचालीची मूळ समीकरणे) सोडवण्याला पर्याय उरत नाही. ओपनफोम, रीफथ्रीडी आणि कणांवर आधारित ड्युअलएसपीएचफिजिक्स ही यातली मुक्त साधने आहेत. पहिल्या दोहोंत पाण्याची जागा छोट्या पेशींच्या जाळीत विभागून समीकरणे त्या जाळीवर सोडवली जातात. ओपनफोम प्रत्येक पेशीत किती भाग पाणी आणि किती भाग हवा आहे हे नोंदत पृष्ठभागाचा माग ठेवते, रीफथ्रीडी त्यासाठी पृष्ठभागापासूनच्या अंतराचे फलन वापरते. पुढच्या सूचना जाळीच्या पद्धतीसाठी आहेत.

पहिली गणना बांधकामाविना, रिकाम्या टाकीत करावी. लाट तयार करणाऱ्या भागाला साधारण एक तरंगलांबी, पलीकडे लाट शोषून घेणाऱ्या भागाला एक ते दोन तरंगलांब्या आणि मधली मोकळी जागा असे धरले, तर आपल्या उदाहरणात टाकी ४५० ते ५०० मीटर लांब होते. पृष्ठभागाजवळ लाटेच्या उंचीत निदान १० आणि शक्यतो २० पेशी बसवाव्यात, म्हणजे पेशीची उंची ०.३ मीटर येते. तिची लांबी या उंचीच्या दुप्पट ते चौपटीपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर लाट चालता चालता ऊर्जा गमावते. बांधकामाच्या जागी लाटेची उंची आणि पृष्ठभागाचा आलेख सिद्धांताशी ताडून पाहावा. दहा लाटांनंतरही फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असला पाहिजे. मुद्दाम सांगावेसे वाटते, की ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांना होतो आणि चुकीच्या बलांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते : प्रतिमान सहा मीटरच्या नावाखाली प्रत्यक्षात सव्वापाच मीटरची लाट बांधकामापर्यंत पोहोचवत असते.

टर्ब्युलन्सचे, म्हणजे पाण्यातल्या खळबळीचे, प्रतिमान निवडतानाही लाट मरण्याचा धोका असतो. नेहमीची दोन समीकरणांची प्रतिमाने लाटेच्या पृष्ठभागाखाली, जिथे प्रत्यक्षात फारशी खळबळ नसते, तिथे टर्ब्युलन्स वाढवत नेतात आणि त्यामुळे लाट हळूहळू खचते. २०१८ मध्ये लार्सन आणि फुरमन यांनी या प्रतिमानांची स्थिर केलेली रूपे दिली. ती वापरावीत. न फुटणाऱ्या लाटेत जडत्व बलच प्रभावी असेल, तर टर्ब्युलन्स बंद ठेवूनही चांगले उत्तर मिळते.

आता खांब आत ठेवावा. बाजूच्या भिंती एकमेकींपासून निदान दहा व्यासांवर असाव्यात आणि खांबाजवळची जाळी बारीक करावी. समजा, खांबाला लागून ३ सेंटिमीटरच्या पेशी घेतल्या आणि खांबाच्या बाजूने पाणी साडेपाच मीटर प्रतिसेकंद वेगाने जात आहे. एका टाइम स्टेपमध्ये पाण्याने पेशीचा एक पंचमांश भागच ओलांडावा अशी अट लावली, तर टाइम स्टेप सुमारे ०.००११ सेकंद येतो, म्हणजे १० सेकंदांच्या एका लाटेमागे नऊ हजारांहून जास्त टप्पे. त्रिमितीय जाळीत काही दशलक्ष पेशी असतात हे लक्षात घेतले, की तीन तासांचे वादळ या पद्धतीने का चालवत नाहीत हे उघड होते. स्वस्त प्रतिमानातून सर्वांत वाईट प्रसंग निवडावा आणि तेवढ्याच काही लाटा इथे चालवाव्यात.

जाळीची पुरेशी बारीकता सिद्ध करण्यासाठी तीन जाळ्या चालवाव्यात. प्रत्येक पुढच्या जाळीत पेशीचा आकार निदान १.३ पटीने लहान असावा आणि टाइम स्टेपही त्याच प्रमाणात घटवावा. कमाल बल प्रत्येक पायरीला कमी कमी बदलत असेल, तर त्यावरून शून्य आकाराच्या पेशीला मिळेल ते उत्तर अंदाजता येते आणि त्रुटीची मर्यादा सांगता येते. दुसऱ्या जाळीपासून तिसरीपर्यंत बल आणखी जास्त बदलले, तर जाळी अजून भरड आहे किंवा लाट फुटण्याची जागाच सरकते आहे. अशा वेळी सरासरी काढून मोकळे होऊ नये. शेवटी खांबावरचे बल आधीच्या ४९.४ किलोन्यूटनशेजारी मांडावे. शिखराचा भाग आणि लाटेची अरेषीयता धरून ते ५५ ते ६५ किलोन्यूटन आले, तर काम पुढे न्यावे. ते १२० आले, तर आधी जाळी आणि एकके तपासावीत.

उभी भिंत आणि लाटेचा आघात

केसॉनच्या, म्हणजे तळावर बसवलेल्या मोठ्या काँक्रीट पेटीच्या, उभ्या भिंतीसाठी कागदावरचा आधार म्हणजे गोडा यांचे १९७४ चे सूत्र. त्यात कमाल उंची सार्थ उंचीच्या १.८ पट धरतात. सरळ येणाऱ्या लाटेसाठी भिंतीवरचा दाब स्थिर पातळीपासून त्या कमाल उंचीच्या दीडपट वर शून्य होतो, स्थिर पातळीवर सर्वाधिक असतो आणि तळाखालचा उत्थापक (वर उचलणारा) दाब त्रिकोणी मानला जातो. घसरणे आणि उलटणे या दोहोंसाठी सुरक्षा गुणक किमान १.२ ठेवतात. प्रतिमानाने काढलेले एकूण आडवे बल या सूत्राशी ताडावे. मोठा फरक आला, तर त्याचे कारण सांगता आले पाहिजे. भिंतीवरून परतलेली लाट टाकीच्या तोंडाशी पुन्हा उलटली, तर प्रतिमानात नसलेली लाट तयार होते. म्हणून लाट निर्माण करणाऱ्या सीमेवर परतीची लाट शोषण्याची सोय हवीच.

दगडी थरांतले प्रत्येक छिद्र जाळीत दाखवणे शक्य नसते. त्यांना सच्छिद्र माध्यम मानून दोन रोध गुणांक द्यावे लागतात आणि ते प्रयोगाशी जुळवूनच ठरवावे लागतात. दुसऱ्याच्या लेखातले गुणांक उचलताना त्यामागचा दगडाचा आकार आणि सच्छिद्रता आपल्याशी जुळते का, हे पाहावे.

भिंतीसमोर लाट जवळजवळ उभी होऊन फुटली, तर दाबाचे शिखर काही मिलिसेकंद टिकते आणि स्थिर दाबाच्या अनेक पट असते. तेच वादळ जाळीत जरासा बदल करून पुन्हा चालवले, तर शिखराचा आकडा वेगळा येतो. हे प्रतिमानाचे अपयश नव्हे, प्रयोगशाळेतही तसेच घडते. मध्ये अडकलेल्या हवेची उशी हा आणखी एक गुंता आहे. साधे सॉफ्टवेअर हवेलाही असंकोच्य (न दबणारी) मानते, त्यामुळे ती उशी दबत नाही आणि दाबाचा आकडा भरकटतो. असा आघात महत्त्वाचा असेल, तर हवेची संकोच्यता धरणारी गणना करावी, दाब एका बिंदूवर न वाचता बांधकामाच्या एका सलग घटकावर सरासरी काढून वाचावा आणि नोंदी सेकंदाला निदान हजार वेळा घ्याव्यात. आकाराने सर्वांत मोठे दिसणारे शिखर थेट स्थिर बल म्हणून वापरणे मात्र चुकीचे आहे. आघाताचा कालावधी आणि बांधकामाचा नैसर्गिक आवर्तनकाळ यांच्या गुणोत्तरावर प्रत्यक्ष परिणाम ठरतो. काही मिलिसेकंदांचा धक्का जड केसॉनला क्वचितच जाणवतो, पण पातळ पॅरापेट (माथ्यावरची कठडा) भिंत त्याने मोडू शकते.

डेकवरचे उभे बल बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियानातल्या पाँचरट्रेन सरोवरावरच्या जुळ्या पुलाचे अनेक गाळे आधारांवरून सरकले. तुळयांमधल्या पोकळीत अडकलेल्या हवेने डेकला तरंगण्याचे बल दिले आणि लाटांनी ते गाळे उचलून ढकलले. अशा डेकचे प्रतिमान द्विमितीय करू नये, कारण द्विमितीय गणनेत हवेला टोकाकडून निसटायला वाटच नसते.

निकाल कसे सुपूर्द करावेत

संरचना अभियंत्याला एकच कमाल आकडा देणे पुरेसे नसते. तळाशी येणारे एकूण आडवे बल, उलथवणारा मोमेंट आणि उभे बल यांचा वेळेनुसार आलेख द्यावा, कारण या तिन्हींचे कमाल क्षण वेगळे असतात आणि ते एकाच वेळी आले असे धरल्यास बांधकाम विनाकारण महाग होते. मोमेंट कोणत्या पातळीभोवती घेतला, पातळ्या कोणत्या संदर्भरेषेवरून मोजल्या, सागरी वाढीचा थर किती धरला, प्रवाह धरला की नाही आणि उत्प्लावक बल उभ्या बलात आहे की वगळले आहे, हे पहिल्याच पानावर लिहावे. आलेखाच्या सुरुवातीचे काही सेकंद टाकी स्थिरावण्याचे असतात, ते कापून टाकावेत. जाळीच्या तिन्ही गणनांचे आलेख मुख्य अहवालातच ठेवावेत आणि रिकाम्या टाकीतल्या लाटेचा आलेख त्यांच्या शेजारी द्यावा, म्हणजे तपासणाऱ्याला बांधकामावर नेमकी कोणती लाट पोहोचली होती हे बलाच्या आकड्याआधी पाहता येते.